सहलीला मोठी माणसं दहा, मग मुलांवर लक्ष कुणाचं?

रविवारची संध्याकाळ हा आमच्या भागातल्या डॉक्टरचा सगळ्यात धावपळीचा वेळ. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा तानसा नदीकाठचा पट्टा. पूर्वी लोक देवीच्या दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायला यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. आता मुंबई, ठाणे, वसईहून गाड्या भरून कुटुंबं येतात आणि रिसॉर्टमध्ये मुक्काम करतात. सोमवारी सकाळपर्यंत माझ्याकडे उलट्या, जुलाब, पाय मुरगळलेले, पोळलेले असे सगळे येऊन जातात.

अशाच एका रविवारी पाच वर्षांच्या मुलाला टॉवेलात गुंडाळून आणलं. तो खोकत होता, रडत होता. रडतोय हे ऐकूनच मला निम्मा धीर आला, कारण रडणारं मूल श्वास घेत असतं. सोबत मोठी माणसं दहा. रिसॉर्टच्या तलावात तो बुडत असताना स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या एका कामगाराला दिसला आणि त्याने उडी मारून बाहेर काढला. दहापैकी कुणालाही पत्ता नव्हता. मी मुलाला तपासत असताना मागे आवाज आला. काकांनी दाराशी उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला एक लगावली होती. "डॉक्टर, ह्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. हा मित्रांबरोबर उड्या मारत बसला."

हा लेख त्या चौदा वर्षांच्या मुलासाठी लिहितो आहे, असं म्हटलं तरी चालेल.

परदेशी क्रूझ जहाजांवर मोकाट फिरणाऱ्या मुलांबद्दल सध्या बऱ्याच तक्रारी असतात. रात्री लिफ्टमध्ये धुडगूस, तलावात दंगा, लहान मुलं एकटीच डेकवर. कार्निव्हल कंपनीने तर १७ वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी रात्री एकनंतर मोठ्यांशिवाय सार्वजनिक जागेत फिरायचं नाही असा नियम केला आहे. डिस्नेने २०१३ मध्ये आणि रॉयल कॅरिबियनने २०१७ मध्ये जहाजांवरच्या तरणतलावांपाशी जीवरक्षक नेमायला सुरुवात केली. त्याआधी इतक्या मोठ्या जहाजांवरही तलावावर लक्ष ठेवणं हे पालकांचंच काम मानलं जायचं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर आता आपलीही मंडळी जाऊ लागली आहेत. पण मला ह्या बातम्या वाचताना जहाज दिसत नाही, आमच्याकडचं रिसॉर्ट दिसतं. दोन्हीकडे पालकांच्या मनात एकच विचार असतो: चारी बाजूंनी बंद आहे, मूल जाणार कुठे? जहाजाला कठडा आहे, रिसॉर्टला कंपाउंड आणि गेटवर वॉचमन. घरी सोसायटीच्या आवारात मुलाला एकटं न सोडणारी आई इथे निवांत होते. तिला दोष देत नाही. वर्षभर राबून दोन दिवस मोकळे मिळालेले असतात. पण कंपाउंड मुलाला बाहेर जाऊ देत नाही इतकंच. पाणी आतच असतं.

आणि माणसं जितकी जास्त, तितकं लक्ष कमी. दोनच पालक असतील तर "तू बघ, मी येते" असं बोलणं होतं. दहा जण असले की कुणी कुणाला काही सांगत नाही. आईला वाटतं मावशी तिथेच आहे, मावशीला वाटतं बाबा बघताहेत, बाबा जेवणाची ऑर्डर द्यायला गेलेले. शेवटी जबाबदारी उतरते घरातल्या सगळ्यात मोठ्या मुलावर. तोही पोरच असतो, आणि तोही सहलीलाच आलेला असतो.

ह्या वयाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ खेळायला दिला. त्यात १३ ते १६ वयाची मुलं होती, १८ ते २२ ची होती आणि २४ च्या पुढचे मोठेही होते. काही जण एकटे खेळले, काही मित्रांच्या देखत. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेला धोका खूप वाढला, मोठ्यांच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाण्यासारखा वागणारा तुमचा मुलगा चार चुलतभाऊ आणि दोन मित्र जमले की वेगळा वागतो, ह्यात त्याचे संस्कार वाया गेलेत असं काही नाही. मजा मिळवणारा मेंदूचा भाग ह्या वयात जोरात असतो, लगाम घालणारा भाग पुरा तयार व्हायला विशी उलटावी लागते. तलावाच्या उथळ बाजूला सूर मारून मान मोडून घेणारे बहुतेक ह्याच वयाचे असतात. अशा मुलाच्या हाती पाच वर्षांचं मूल सोपवून आपण जेवायला बसतो, आणि नंतर बेजबाबदार म्हणतो त्याला.

आपल्या राज्यात ह्याची किंमत मोजून झालेली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. शिक्षक सोबत होते. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. तिथेही मोठी माणसं मुलांजवळच होती, पण पाणी किती झपाट्याने वाढतं हे ध्यानात आलं तेव्हा पाय उचलायलाही जागा राहिली नव्हती. त्यानंतर दर पावसाळ्यात ठाणे, रायगड, पुणे जिल्ह्यांत धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश निघतात. ते पाळा. तानसाही पावसात अशीच फसवी असते. इथे ऊन पडलेलं असलं तरी वर पाऊस झाला की पाणी चढतं. मात्र मनाई आदेश धबधब्याला लागू होतो, रिसॉर्टच्या चार फुटी तलावाला नाही. तिथला पहारेकरी तुम्हीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख लोक बुडून गेले, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता.

बुडणारं मूल ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून "वाचवा" म्हणतो. प्रत्यक्षात श्वास घ्यायलाच फुरसत नसते, तर ओरडणार कसं? मूल पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं, पाय मारत नाही. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होतंय, केस डोळ्यांवर आलेत तरी ते बाजूला करत नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतं, त्यामुळे हाक मारायला किंवा हात हलवायला ते वर येतच नाहीत. अमेरिकन जीवरक्षक फ्रँक पिया यांनी ह्याचं चित्रीकरण करून अभ्यास केला. त्यांच्या मते अशा अवस्थेत माणूस २० ते ६० सेकंदच तग धरतो. लहान मुलाला त्याहून कमी वेळ मिळतो. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून तलावातलं मूल अचानक गप्प झालं, तर आधी नाव घेऊन हाक मारा. उत्तर नाही आलं की लगेच उतरा.

हवेच्या ट्यूब आणि दंडातले फुगे ही खेळणी आहेत. त्यांच्यावर विसंबून पाठ फिरवू नका.

गरम कुंडांचं वेगळं सांगायला हवं. कुंडागणिक पाण्याची उष्णता वेगळी असते आणि मोठ्या माणसाच्या तळहाताला जे "छान गरम" वाटतं ते लहान मुलाच्या पातळ कातडीला पोळू शकतं. मुलांचं अंग तापायलाही वेळ लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला कुंडात बसवूच नका. पाणी बादलीत घेऊन निववा, कोपर बुडवून बघा आणि तांब्याने अंगावर घाला, देवीला तेवढं पुरतं. मोठ्या मुलांनीही काही मिनिटांत बाहेर यावं, कारण गरम पाण्याने रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यावर चक्कर येते. ओला दगड आणि चक्कर, म्हणजे डोक्याला टाके ठरलेले. पोळलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

आता एक अवघड विषय. मुलांसाठी वेगळी खोली घेतलेली असते आणि तिची चावी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, पण मोठ्यांच्याच उरलेल्या बाटलीतून सुरुवात होते हे मी कितीदा पाहिलंय. पिऊन पडलेल्या मुलाला "झोपला की उतरेल" म्हणून एकटं सोडू नका. उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. कुशीवर झोपवा, कुणीतरी शेजारी बसा. कॉफी, लिंबूपाणी पाजू नका, थंड पाण्याखाली उभं करू नका. लहान वयात दारूने रक्तातली साखर घसरते, म्हणून जागं होत नसेल, श्वास संथ वाटत असेल, अंग गार पडलं असेल तर थेट दवाखाना. आणि तिथे खरं सांगा. "काहीतरी बाधलं" असं सांगून तुमची इज्जत राहते, पण माझी महत्त्वाची पंधरा मिनिटं जातात. त्याच बंद खोलीत लहान मुलांबरोबर कोण आहे हेही माहीत असू द्या. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. मूल एखाद्या नातेवाइकाजवळ जायला अचानक नको म्हणू लागलं, तर चारचौघांत रागावू नका, बाजूला घेऊन विचारा. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

काय करायचं, ते मी ओळखीच्या कुटुंबांना असं सांगतो. पाण्याजवळ एक माणूस नावानिशी नेमा. "सगळे बघू" चालणार नाही. पंधरा-वीस मिनिटांची पाळी, त्या वेळात हातात मोबाइल नाही, ग्लास नाही. पाळी बदलताना तोंडाने बोला: "आता तू." पाच वर्षांखालच्या मुलाजवळ हात पोचेल इतक्या अंतरावर राहा. किशोरवयीन मुलांना पहाऱ्यावर बसवू नका, पण त्यांना पूर्ण मोकळंही सोडू नका. कुठे आहोत हे दर तासाला येऊन सांगायचं, रात्री ठरलेल्या वेळी खोलीत, आणि एकट्याने पाण्यात नाही. नियम घरून निघतानाच ठरवा, इथे सगळ्यांदेखत नको. त्यांना एक गोष्ट मात्र नक्की शिकवा: मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी घ्यायची नाही. मोठ्याने हाक मारायची आणि ओढणी, दोरी, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, हाताला येईल ते फेकायचं. एकामागोमाग दोघं-तिघं जातात ते बहुतेक वाचवायला उतरल्यामुळे. खोली बुक करतानाच विचारा, तलावावर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो. उत्तर ऐकून तुम्हाला बरंच कळेल.

मुलाला बाहेर काढलं आणि तो हलत नाही, श्वास घेत नाही, तर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. पोटातलं पाणी तोंडात येऊन फुप्फुसात जातं. सपाट जागी झोपवा, कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा, हनुवटी वर करून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोरात दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेईपर्यंत थांबू नका. बुडालेल्याचं हृदय बंद पडतं ते हवा न मिळाल्यामुळे, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. इथून अंबाडी नाक्यामार्गे भिवंडीला पोचायला लागणारा वेळ तुम्ही त्या रस्त्याने आला असाल तर तुम्हाला माहीत आहे. ती पहिली काही मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतात.

जो बेशुद्ध झाला होता किंवा ज्याला श्वास द्यावे लागले, तो नंतर हसायला लागला तरी रुग्णालयात नेलाच पाहिजे. नुसतं पाणी गिळून थोडा खोकला आलेल्या मुलाला सहा ते आठ तास डोळ्यांसमोर ठेवा. खोकला वाढला, श्वास भरभर चालला, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, तोंडाला फेस, उलट्या किंवा न उठवता येणारी झोप असं काही दिसलं तर निघा. ह्या वेळात मूल पूर्ण ठीक राहिलं, तर पुढे घाबरण्याचं कारण नाही. आठवड्याने "कोरडं बुडून" मूल गेलं, असे जे मेसेज फिरतात ते पुढे पाठवू नका.

त्या रविवारच्या पाच वर्षांच्या मुलाचा ऑक्सिजन चांगला होता, छाती साफ होती. तरी मी त्यांना रात्री तिथेच थांबवून घेतलं. काकांना म्हटलं, ह्याला तलावावर बसवलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? ते काही बोलले नाहीत. आई भावाजवळ बसली होती. तो चौदा वर्षांचा मुलगा अजून दाराशीच, ओल्या कपड्यांत. रात्री साडेदहाला तो आत आला आणि विचारलं, "डॉक्टर, त्याला अजून किती वेळ बघायचं?" मी म्हटलं, दोनपर्यंत. आणि श्वास मोजायचे कसे ते त्याला दाखवलं: एक मिनिट घड्याळ बघ, छाती किती वेळा वर येते ते मोज, चाळीसच्या वर गेली तर मला उठव. मग त्याच्या वडिलांना बोलावून शेजारी बसवलं आणि मुलाला कोरडे कपडे घालून जेवायला पाठवलं.