वर्ग रायपुरात, धडे सिलतऱ्यात

मे महिन्यातलं रायपूर म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या आसपास आणि दुपारी बारालाच रस्ते ओस. अशा दिवसांत सकाळी सकाळी पाण्याची बाटली नि डबा घेऊन बिलासपूर रस्त्यानं सिलतऱ्याकडे निघालेली तरुण मुलं दिसली, तर ती सगळी कामगारच असतील असं समजू नका. त्यातली काही बीबीए, एमबीएची विद्यार्थी असतात. सिलतरा आणि उरला या रायपूरच्या औद्योगिक वसाहती. लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, भाताच्या गिरण्या... उन्हाळ्याच्या सुट्टीतलं त्यांचं कॉलेज तिथेच भरतं.

घरच्यांना हे चटकन पचत नाही. व्यवस्थापनाची पदवी म्हटली की डोळ्यांसमोर गार केबिन येते. मग मुलगी घरी येऊन सांगते, 'आज दिवसभर वजनकाट्यावर उभी होते', तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, 'एवढी फी भरली ती यासाठी?'

हो, यासाठीच!

भाताच्या गिरणीचंच बघा. छत्तीसगडला देशाचं 'धान का कटोरा' म्हणतात. इथे सरकार सहकारी सोसायट्यांमार्फत शेतकऱ्याचं भात विकत घेतं, ते गिरणीवाल्याला भरडायला देतं आणि त्याच्याकडून तांदूळ परत घेतं. यालाच कस्टम मिलिंग म्हणतात. १०० क्विंटल भात नेलं तर साधा तांदूळ ६७ क्विंटल आणि उकडा असेल तर ६८ क्विंटल परत द्यायचा, हा ठरलेला हिशेब. भात उचलण्याआधी बँकेची हमी द्यावी लागते. भातात ओलावा १७ टक्क्यांहून जास्त असेल तर ते खरेदीच्या निकषात बसत नाही. उरलेला कोंडा तेलवाल्याकडे जातो, तूस बॉयलरमध्ये जळतं. आता सांगा, खेळतं भांडवल, साठ्याचा हिशेब, उपउत्पादनाची किंमत, सरकारी करार हे सगळे धडे पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात ना? गिरणीच्या फाटकावर ते एकाच ट्रकमधून आत येतात. काट्याची पावती आणि गोदामाची वही जुळत नाही, तेव्हा तो फरक शोधताना मुलगी दोन दिवसांत जे शिकते ते वर्गात एका सत्रात शिकवता येत नाही.

रायपूरसारखी सोय थोड्याच शहरांना आहे. गिरण्या आहेत, स्पंज आयर्न आहे, सळया आहेत, बलौदाबाजारकडे सिमेंट आहे. तीसेक किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला, १९५९ साली पहिली भट्टी पेटलेला आणि रेल्वेला रूळ पुरवणारा. एका बाजूला हजारो माणसांचा सरकारी कारखाना, दुसऱ्या बाजूला मालक, मुनीम आणि पन्नास कामगारांची गिरणी. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानं या दोन्ही टोकांना महिना-महिना काढला, तर त्याला आणखी काय हवं!

इथल्या मराठी घरांना तर या कामाची गरज जरा जास्तच. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मुलखात आहे. तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती, १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ, माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा या रायपूरच्या ओळखीच्या खुणा. पण यातली बहुतेक घरं नोकरदारांची. शिक्षक, कारकून, बँक, रेल्वे. व्यापारी घरातला मुलगा आठवीपासून दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, उधारी कशी वसूल करायची हे जेवताना ऐकतो. नोकरदाराच्या मुलाला पगाराची तारीख तेवढी ठाऊक. त्याच्यासाठी धंद्याच्या घरात शिरायचं दार एकच, ते म्हणजे अभ्यासक्रमातलं हे प्रत्यक्ष काम. आणि नेमकं तेच दार अनेकजण कागदानं बंद करून घेतात.

ते कसं? एखाद्या ओळखीच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून किंवा काकांच्या एजन्सीतून लेटरहेडवर सर्टिफिकेट आणायचं, गेल्या वर्षीच्या मुलाचा प्रोजेक्ट रिपोर्ट घ्यायचा, नाव बदलायचं, सोनेरी अक्षरांत बायंडिंग करायचं... झाली इंटर्नशिप! सहा आठवडे मुलगा घरात कूलरसमोर. कॉलेजला फाइल मिळते, मुलाला मार्क मिळतात, बाइंडरला पैसे मिळतात. कुणाची तक्रार नाही. तक्रार येते ती दोन वर्षांनी, मुलाखतीत. समोरचा माणूस सहज विचारतो, 'तिथे माल उधारीवर किती दिवस द्यायचे?' आणि मुलगा छताकडे बघतो.

कागदावरच्या शिक्षणाची किंमत रायपूरएवढी दुसऱ्या कुठल्या शहरानं क्वचितच पाहिली असेल. राज्य झालं १ नोव्हेंबर २००० रोजी. २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा आला आणि वर्षभरात शंभरावर विद्यापीठं निघाली. सर्वोच्च न्यायालयासमोर ११२ हा आकडा आला. कुणाकडे इमारत नाही, कुणाकडे एखादी खोली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला, कायद्यातल्या ज्या तरतुदींवर ही विद्यापीठं उभी होती त्या रद्द झाल्या आणि विद्यापीठंही गेली. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचं काय? त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची सोय बघा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा पालकांनी पाट्या पाहून पैसे भरले होते. आज पाट्या खऱ्या आहेत. २०१० पासून रायपुरात आयआयएम आहे. सेजबहारच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झालेली ही संस्था आता नव्या रायपुरात स्वतःच्या आवारात आहे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ तर १९६४ पासूनचं. तरीही पाटीच्या आत मुलाला खरं काम मिळतं का, हे पालकालाच विचारावं लागतं.

कामासह शिक्षण ही काही आजची कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजनं १९०३ सालीच 'सँडविच' अभ्यासक्रम काढला. वर्गाच्या दोन थरांमध्ये कारखान्याचा थर! अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये तेच केलं. दोन्हीकडे सुरुवात इंजिनिअरांपासून झाली, व्यवस्थापनाची मुलं पुढे आली. आपल्याकडे आयआयएमपासून साध्या एमबीएपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधली दोनेक महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप रुळली. बीबीएवाल्यांकडे मात्र बराच काळ कुणी फारसं पाहिलं नाही. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात किमान एक पूर्ण सत्र कामावर. २०२४-२५ पासून बीबीए हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या देखरेखीखाली आला.

इथे एक फरक पालकांनी नीट समजून घ्यावा, कारण कॉलेजची माहितीपुस्तिका तो धूसर ठेवते. इंटर्नशिप म्हणजे काही आठवड्यांचं शिकाऊ काम. त्यात पैसे मिळतील, न मिळतील. अप्रेंटिसशिप मात्र १९६१ च्या कायद्याखाली येते. तिथे लेखी करार असतो, विद्यावेतन द्यावंच लागतं, अपघात झाला तर भरपाईची तरतूद आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीच्या अप्रेंटिसला महिना किमान ९००० रुपये ठरवले होते. तेव्हा 'इंडस्ट्री ट्रेनिंग'साठी कॉलेज वर वेगळी फी मागत असेल, तर हे नेमकं दोहोंपैकी काय आहे, हा प्रश्न काउंटरवरच विचारावा. संकोच कसला?

आणखीही विचारावं. गेल्या वर्षीची मुलं कुठल्या कारखान्यात गेली? कारखान्यातला कोण माणूस त्यांना काम सांगत होता? कॉलेजचे सर तिथे एकदा तरी गेले का? मार्क फाइलला आहेत की तोंडी परीक्षेला? शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठावं, तो पाच मिनिटांत खरं सांगतो. प्राचार्यांची केबिन किती चकाचक आहे, यावरून यातलं काहीच कळत नाही.

मुलीच्या बाबतीत घरात वेगळीच चर्चा होते. 'भट्ट्यांच्या भागात ती एकटी कशी जाणार?' काळजी रास्त आहे, पण तिच्यावरचा इलाज म्हणजे मुलीला घरी बसवून काकांचं सर्टिफिकेट आणणं नव्हे. जाण्यायेण्याची सोय कोण करणार, कामाची वेळ काय, शेडमध्ये जायचं असेल तर हेल्मेट नि बूट कोण देणार, हे आधी ठरवून घ्यावं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि शिकाऊ मुलीलाही तिथे दाद मागता येते. त्या समितीवर कोण आहे, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवावं. दोघी-तिघी मैत्रिणी एकाच वसाहतीत काम मिळवतात, एकत्र जातात, एकत्र येतात.

एक गोष्ट मुलांच्या बाजूनंही बोलायला हवी. कारखान्याला हा पाहुणा नेहमीच हवाहवासा असतो असं नाही. मालकाला भीती, पोरगं आपले भाव बाहेर सांगेल. मुनिमाला भीती, पोरगं आपल्या चुका काढेल. पहिले आठ दिवस 'बसा' म्हणतात आणि खुर्ची देऊन विसरून जातात. अशा वेळी रुसून घरी येणारे बरेच. टिकतो तो, जो स्वतःहून फाटकावरचं रजिस्टर उतरवून द्यायला बसतो, हमालांच्या मजुरीचा तक्ता करून देतो. मग एक दिवस मुनीमच हाक मारतो, 'जरा येणेदारांची यादी लावून दे रे.' येणेदारांची यादी हातात पडली, की धंद्याची नाडीच हाती आली म्हणायची.

घरच्यांनी या सहा आठवड्यांत एवढंच करावं, साधी दोनशे पानी वही आणून द्यावी. रोज रात्री मुलानं त्यात दिवसभराचं लिहावं, किती ट्रक आले, कुणाचं बिल अडलं, कोण कुणावर चिडलं आणि का. आणि जेवताना आईनं विचारावं, 'मग आज काट्यावर काय झालं?'