दिवा विझल्यावर पारा कुठे जातो?



विजेची बचत करणाऱ्या दिव्यांचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणजे तो विषारीच. घरात नको." दुसरे म्हणते, "पारा इतका थोडा असतो की त्याची काळजी कशाला?" ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. दिवा जळत असतानाचा धोका वेगळा, फुटल्यावरचा वेगळा आणि निकामी होऊन घराबाहेर गेल्यावरचा त्याहून वेगळा. हे तिन्ही धोके क्रमाने तपासू.

प्रथम पाऱ्याचे काम पाहू. साधा बल्ब तार तापवून प्रकाश देतो. त्याला मिळालेल्या विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ट्यूबलाइट आणि तिचेच वळवलेले धाकटे भावंड सीएफएल यांची रीत निराळी आहे. काचेच्या नळीत आर्गॉनसारखा वायू कमी दाबाखाली भरलेला असतो व सोबत थोडा पारा असतो. वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या वाफेतील अणूंवर आदळतात. उत्तेजित झालेले अणू मूळ स्थितीत येताना मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण बाहेर टाकतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूस पांढऱ्या भुकटीचा जो लेप असतो, तो ते शोषून घेतो व त्यांच्या बदल्यात दृश्य प्रकाश देतो. म्हणून ६० वॅटच्या बल्बइतका उजेड १४ वॅटच्या सीएफएलमधून मिळतो. पारा काढून घेतला तर हा दिवा दिवाच राहणार नाही.

दिवा जळत असताना पारा काचेत बंद असतो. त्यामुळे तो श्वासात जाण्याचा प्रश्न येत नाही. अतिनील किरणांपैकी थोडासा अंश मात्र काही उघड्या नळीच्या दिव्यांतून बाहेर येऊ शकतो. २००८ साली ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने असा दिवा अंगापासून ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ, दिवसातून तासाभराहून अधिक काळ ठेवू नये असा सल्ला दिला. टेबलावरचा दिवा हातभर दूर ठेवला की हा प्रश्न संपला.

आता दिवा फुटला असे समजा. सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या काचेच्या ज्वरमापकात तो अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे शंभरपटीच्या आसपास असे. तुमची खोली ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब व ३ मीटर उंच असेल, तर तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. ४ मिलिग्रॅम पाऱ्याची सगळी वाफ तिच्यात पसरली, तर दर घनमीटरला सुमारे ०.११ मिलिग्रॅम पारा येईल. रोज आठ तास पाऱ्याजवळ काम करणाऱ्या कामगारांसाठी ०.०२५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवलेली आहे. आपला आकडा तिच्या चौपटीहून अधिक झाला! पण घाबरू नका. सगळा पारा एकदम वाफ होत नाही. त्याचा बराच भाग भुकटीला व काचेला चिकटून राहतो. शिवाय खिडक्या उघडल्या की वाफ झपाट्याने विरळ होते.

म्हणून पंखा बंद करून, दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे. लहान मुलांना दूर ठेवावे. केरसुणी फिरवू नये, कारण तिने भुकटी उडते व केरसुणीलाही लागते. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपून घ्यावा, सर्व काही झाकणाच्या बरणीत बंद करावे आणि हात साबणाने धुवावेत. पाऱ्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात सहज शिरते व मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना अपाय करते, म्हणून एवढी दक्षता घ्यायची.

या दिव्यांच्या बाजूने एक हिशेब नेहमी मांडला जातो, तोही करून पाहू. ६० ऐवजी १४ वॅट, म्हणजे ४६ वॅटची बचत. ६,००० तासांत ती २७६ युनिट होते. कोळशापासून एक युनिट वीज करायला सुमारे ०.७ किलो कोळसा लागतो, म्हणजे १९० किलोच्या आसपास कोळसा वाचला. कोळशातही पारा असतो. त्याचे प्रमाण खाणीगणिक बदलते, पण किलोला ०.१ मिलिग्रॅम धरले तरी १९ मिलिग्रॅम झाले. त्यातला काही राखेत राहतो, काही धुराड्यातून हवेत जातो. दिव्यात ४ मिलिग्रॅम घालून १९ मिलिग्रॅमचा कोळसा जाळणे टळले, तर सौदा फायद्याचा आहे.

हिशेब बरोबर आहे. तरी तो येथेच थांबवणे मला मान्य नाही. वाचलेला पारा सर्वांच्या वाट्याचा होता, आणि दिव्यातला पारा अखेरीस कोणा एकाच्या नाकाशी येतो. तो माणूस म्हणजे आपला कचरा हाताळणारा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली. तिच्या नावातच काच आहे. निकामी ट्यूब कचऱ्यात टाकली की ती गाडीत, पोत्यात किंवा भंगाराच्या दुकानात फुटते. टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोपणांना थोडाफार भाव असतो, पाऱ्याला गिऱ्हाईक नसते. एका खोपट्यात २०० ट्यूब फुटल्या व प्रत्येकीत ५ मिलिग्रॅम पारा असला, तर तो एक ग्रॅम झाला. वरचा खोलीचा हिशेब या आकड्याने पुन्हा करून पाहा. तुमच्या घरी असा दिवा वर्षा-दोन वर्षांत एखादा फुटेल. तिथे काम करणाऱ्याच्या बाबतीत ते रोजचेच असू शकते.

"आता एलईडी आले, जुन्या ट्यूबची चिंता कशाला?" असे कोणी विचारील. एलईडीत पारा नसतो आणि वीजही आणखी कमी लागते, हे खरे. पण त्यामुळेच हा प्रश्न आजचा आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा येथील बैठकीत, ट्यूबलाइटसारख्या दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवावी असे ठरले. मिनामाता हे जपानमधले गाव. तेथील एका कारखान्याने अनेक वर्षे उपसागरात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगामुळे मासे विषारी झाले व ते खाणारी माणसे अपंग झाली. हा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. आपल्या छताखाली आज असलेल्या ट्यूब येत्या काही वर्षांत उतरणार आहेत, आणि पारा बाहेर पडायची वेळ तीच असते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. पारा असलेले दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांत आले आणि २०२२ च्या नियमांतही आहेत. उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. पण दिवा घरी पोचवण्याची आपली व्यवस्था जितकी चोख, तितकी तो परत नेण्याची नाही. २००९ साली बचत लॅम्प योजनेत सीएफएल साध्या बल्बच्या किमतीत देऊ केले गेले. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. कोट्यवधी दिवे घरोघर नेता येतात, तर निकामी दिवा त्याच वाटेने परत का येऊ नये? सोड्याच्या बाटलीवर अनामत घेत, बाटली परत केली की पैसे परत. दिव्यावरही पाच-दहा रुपये अनामत ठेवावी आणि विकणाऱ्या दुकानानेच तो परत घ्यावा, असे माझे मत आहे. ही सवय एलईडीलाही उपयोगी पडेल. त्यातही तांब्याच्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक भाग असतात व तेही मातीत टाकण्याजोगे नसतात.

तोवर तुम्ही आणि तुमचे शिक्षक एक काम करू शकता. शाळेत किती ट्यूब लागलेल्या आहेत व कोठीत किती निकामी पडल्या आहेत ते मोजा. निकामी ट्यूब न फोडता तिच्याच पुठ्ठ्याच्या वेष्टनात, मुलांचा हात लागणार नाही अशा जागी ठेवा. मग नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला आकड्यांसह पत्र लिहून विचारा, की हे दिवे आम्ही कोणाकडे द्यावेत? उत्तर आले तर ते फळ्यावर लावा. नाही आले तर पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा, आणि त्या वेळी पत्रासोबत २०० ट्यूबचा तुमचा हिशेबही जोडा.