सहा रात्री, सात दिवस

मुंबईच्या उपनगरांतील सुशिक्षित मराठी कुटुंबांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे नवे कुलाचार रूढ झाले, त्यांत सहल-कंपनीबरोबर काश्मीरास जाऊन येणे हा एक ठळक कुलाचार होय. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी इमारत क्वचितच सापडेल की, जिच्यातील एका तरी बिऱ्हाडात फेरन घालून, हाती फुलांची परडी घेऊन काढविलेले छायाचित्र नाही. त्या छायाचित्रामागची हकीकतही बहुधा एकच असते: सहा रात्री, सात दिवस, थंडी फार, खोल्या चांगल्या, मॅनेजर मोठा हौशी, आणि दल सरोवराच्या काठी चक्क पुरणपोळी मिळाली. श्रीनगर कसे आहे, असे पुढे विचारावे तर उत्तर येते, "फार सुंदर." त्यापलीकडे संभाषण सरकत नाही. ते का सरकत नाही, याचा विचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते. आमचे म्हणणे कंपन्यांपेक्षा त्यांच्याबरोबर जाणाऱ्यांस उद्देशून अधिक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम विरुद्ध पक्षाचे जे देणे आहे ते देऊन टाकू. तीस-पस्तीस वर्षे लोकलगाडीच्या दांडीस लोंबकळून नोकरी केलेल्या गृहस्थास आणि तितकीच वर्षे त्याचा डबा भरणाऱ्या गृहिणीस उत्तरायुष्यात हिमालय दिसला, तो पुष्कळदा या कंपन्यांमुळेच दिसला. १९८४ साली स्थापन झालेल्या केसरीपासून २०१३ साली निघालेल्या वीणा वर्ल्डपर्यंत मराठी माणसांनी चालविलेल्या संस्थांनी परप्रांताची, परभाषेची आणि फसवणुकीची धास्ती पुष्कळ कमी केली. ज्यांस सोबत मिळणे कठीण अशा स्त्रियांस त्यांच्या स्वतंत्र सहलींमुळे घराबाहेर पडता आले, ही सामाजिक सेवाच होय. तिकिटे, खोल्या, वाहने, औषधपाणी यांचा भार दुसऱ्यावर टाकण्यास आमची काडीचीही हरकत नाही. आमची हरकत आहे ती ट्रंकांबरोबर जिज्ञासाही मॅनेजराच्या हवाली करण्यास.

या सहलींची कार्यक्रमपत्रिका एकदा शांतपणे वाचून पाहावी. श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर, सोनमर्ग ८०, पहलगाम ९०. जाण्यायेण्याचा हिशेब केला तर एका आठवड्यात साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास मजल केवळ गाडीत बसून होते. उरलेल्या वेळात श्रीनगर उरकावयाचे असते. तासाभराचा शिकारा, दोन-तीन मोगल बागा, शंकराचार्य टेकडीवरून एक दृष्टिक्षेप, आणि मग शाली व सुक्या मेव्याच्या दुकानासाठी राखलेला वेळ. तो मात्र सहसा कमी पडत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख वस्तीचे, सुलतानांच्या काळापासून कारागिरीसाठी गाजलेले हे शहर पत्रिकेत 'पॉइंट' या सदरात मोडते. ज्या नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले, ती झेलम म्हणजे आपल्या पुराणांतील वितस्ता होय, हे परतलेल्या दहा प्रवाशांपैकी कितीजणांस सांगता येईल? झैना कदलाच्या भोवतालची जुनी वस्ती, देवदाराच्या ३७८ खांबांवर उभी असलेली जामा मशीद, १८९८ साली स्थापन झालेले लाल मंडीचे संग्रहालय, कागदाच्या लगद्याच्या पेट्यांवर रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या माड्या, यांपैकी बहुतेक स्थळे पत्रिकेत नसतात. याच कारागिरीसाठी युनेस्कोने २०२१ साली श्रीनगरास सर्जनशील नगरांच्या मालिकेत घेतले. आपण मात्र त्या नगरातून, अनोळखी गावाच्या बाजारातून वऱ्हाडाची गाडी जावी, तसे निघून जातो.

शालिमार बागेचेच उदाहरण घेऊ. जहांगीराने १६१९ साली वसविलेल्या या बागेपाशी बस थांबते, छायाचित्रे निघतात, शिट्टी होते आणि बस वळते. तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर हारवन आहे. एका बौद्ध विहाराचे अवशेष तेथील टेकडीच्या उतारावर आहेत. तेथे सापडलेल्या भाजलेल्या मातीच्या फरशांवर माणसे, पशुपक्षी आणि फुलांच्या वेली उमटविलेल्या आहेत. जवळच श्रीनगरास पाणी पुरविणारा तलाव आहे. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या रहिवाशास हे स्थळ पाहून खचित काही आठवावयास हवे. कारण या दोन उपनगरांच्या मधोमध जे राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातही बौद्ध भिक्षूंची कान्हेरी आहे, आणि त्याच डोंगररांगेत मुंबईस नळाचे पाणी प्रथम देणारा १८६० सालचा विहार तलाव व १८७९ सालचा तुळशी तलाव आहे. शहर, शहराचे पाणी आणि त्या पाण्याजवळ ध्यानस्थ बसलेला विहार, ही जोडी हजारभर मैलांच्या अंतराने दोन ठिकाणी कशी जुळून आली, हा विचार मनात येणे म्हणजे प्रवास. परंतु तो यावयाचा तर कान्हेरी आधी पाहिलेली असावी लागते. काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालणाऱ्यास गावही दिसत नाही आणि कळसाही दिसत नाही.

कोणी म्हणेल की, काश्मीरचा आणि आमचा संबंध तो काय? आम्ही चार दिवस हवापालटास जातो. या म्हणण्यात जे अज्ञान आहे, तेच आमच्या तक्रारीचे मूळ होय. अकराव्या शतकात श्रीनगरजवळच्या खोनमुख गावी जन्मलेला बिल्हण कवी देशोदेशी हिंडत दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास राहिला. ती कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या सीमेस लागून असलेले आजचे बसवकल्याण. त्या राजाचे चरित्र गाताना अखेरच्या सर्गात या कवीने आपल्या काश्मीरचे वर्णन केल्यावाचून सोडले नाही. पुढे तेराव्या शतकात देवगिरीस, यादव सिंघणाच्या दरबारी, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे आजोबा काश्मीरातून दक्षिणेत आले होते. आणि १८७५ साली मुंबई सरकारच्या वतीने जॉर्ज ब्यूलर नावाचे पंडित संस्कृत पोथ्यांच्या शोधार्थ काश्मीरास गेले. तीही मुंबई इलाख्यातून निघालेली काश्मीरची सहलच होती म्हणावयाची! त्या सहलीतून आलेला पोथ्यांचा संग्रह आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिठेव्यात नोंदलेल्या तेथील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांत भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली काश्मिरी पोथीही आहे. म्हणजे काश्मीरचा एक अमोल तुकडा आपल्या पुण्यातच जपून ठेवलेला आहे. आमच्या सहलीतून मात्र अक्रोड येतात.

आता पुरणपोळीविषयी. वृद्धांचे पथ्य असते, कित्येकांचे व्रत असते, आणि परमुलखात ओळखीचा घास मिळाल्याने जिवास आधार वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु सातही दिवस, तिन्ही त्रिकाळ आपलाच स्वयंपाक मिळावा, ही मागणी आता पथ्याची राहिलेली नसून अभिमानाची झाली आहे. दल सरोवरातच पिकणाऱ्या कमळाच्या देठांची, ज्यांस तेथे नदरू म्हणतात त्यांची, भाजी पूर्ण शाकाहारी करता येते. हाक नावाची पालेभाजी घरोघरी शिजते. ज्या पाण्यावर आपली हाउसबोट तरंगते, त्या पाण्यातले अन्न न चाखता त्यावर बसून मुंबईच्या आचाऱ्याची बटाट्याची भाजी खाणे, यात शुचिता कोणती आणि रसिकता कोणती? त्याच पाण्याविषयी दुसराही एक प्रश्न आहे. शहराचे सांडपाणी आणि पाणवनस्पतींची माजलेली वाढ यांनी हे सरोवर दीर्घकाळ पीडलेले आहे. हाउसबोटीतील मैला कोठे जातो, असे आमच्या किती प्रवाशांनी विचारले? पवईच्या तलावातील जलपर्णीविषयी वर्तमानपत्रांस पत्रे लिहिणारा आमचा जागरूक नागरिक श्रीनगरच्या विमानतळावर उतरताच केवळ गिऱ्हाईक होतो.

येथे एक आक्षेप सबळ आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. आमचे पूर्वज तरी काशीयात्रेस जात ते पंड्यांच्याच हवाली होऊन ना? त्यांनी तरी काशीचे समाजजीवन कोठे अभ्यासिले? आक्षेप खोटा नाही. तथापि त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी आजच्या व्यवस्थेत नाही. क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत यात्रेकरूच्या बापाचे, आजाचे नाव असे. नातू गेला की त्या वहीतून घराणे बाहेर पडे. यजमान आणि पाहुणा या दोन घराण्यांची ओळख पिढ्यानुपिढ्या टिके. त्यात लोभ होता, लुबाडणूकही होती. परंतु तोंडओळख नव्हती असे नाही. आजच्या प्रवाशास बसचा क्रमांक ठाऊक असतो, बस चालविणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. ज्या घोडेवाल्याच्या हाती आपण आपले मूल दिले, त्यास मुले किती, हे आपण विचारीत नाही. भावात मात्र शंभर रुपये कमी करावयास लावतो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांस ठार केले. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते, आणि त्यांपैकी तिघे डोंबिवलीचे, म्हणजे आमच्याच लोकलमार्गावरचे. मृतांत एक तेथलाच घोडेवाला होता. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने निषेधार्थ बंद पाळला. पुढे सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे काही काळ बंद केली. त्या आठवड्यात उपनगरांतील दिवाणखान्यांत जी चर्चा चालली, ती स्मरून पाहावी. दोन-दोनदा काश्मीर पाहून आलेल्यांस त्या लोकांविषयी जे सांगता येत होते, ते दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांहून रतिभरही अधिक नव्हते. सगळेच तसले, असे एक म्हणे. सगळेच गरीब बिचारे, असे दुसरा म्हणे. आणि दोघांच्याही जवळ पुराव्यादाखल एक काश्मिरी माणूस नव्हता. तुम्ही सुखरूप आहात ना, असे ज्यास विचारावे असा एकही ओळखीचा दूरध्वनी क्रमांक इतक्या सहलींतून आमच्या संग्रही आला नव्हता. ज्या प्रदेशासाठी या देशाने इतके रक्त सांडले, त्या प्रदेशातील माणसांची आणि आपली जी थोडी प्रत्यक्ष गाठ पडते ती याच सहलींत. ती गाठ आपण बसच्या काचेआडून उरकतो. आमच्या मते खरी हानी ती हीच.

यावर कोणी म्हणेल की, असे घडल्यावर तुम्ही लोकांस जुन्या शहरात हिंडावयास सांगता काय? आम्ही बेफिकिरी सांगत नाही. सरकारी सूचना पाळाव्यात, बंद स्थळी जाऊ नये, माहीतगार सोबत घ्यावा. परंतु सावधगिरी निराळी आणि अपरिचय निराळा. अपरिचयाने सुरक्षितता वाढत नाही, भीती मात्र वाढते.

कंपन्या म्हणतील, गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो. ते खरेच आहे, आणि म्हणूनच आमची मागणी गिऱ्हाइकाकडे आहे. पत्रिकेतील दोन पॉइंट कमी करावेत आणि पुरे दोन दिवस श्रीनगर शहरास द्यावेत. त्यांपैकी एक दिवस तेथल्याच एखाद्या जाणत्या वाटाड्यास योग्य मानधन देऊन त्याच्याबरोबर काढावा. दिवसातून एक जेवण त्या मुलखाचे असावे. दुकानाचा वेळ ऐच्छिक असावा. सहलीपूर्वी जी सभा भरते, तीत लोकरी कपड्यांची यादी वाचून झाल्यावर अर्धा तास कल्हणाच्या 'राजतरंगिणी'विषयी, झेलमच्या २०१४ च्या महापुराविषयी, हाउसबोटी चालविणाऱ्या हांजी लोकांविषयी कोणा अभ्यासकाने बोलावे. यांत अशक्य असे काय आहे? आणि ज्यांच्या अंगी बळ आहे, त्यांनी तर एकदा स्वतःच्या भरवशावर जावे. बोरिवलीस चढून कटऱ्यापर्यंत जाणारी स्वराज एक्सप्रेस आहे, आणि जून २०२५ मध्ये चिनाबेवरील ३५९ मीटर उंचीचा पूल खुला झाल्यापासून कटऱ्याहून श्रीनगरापर्यंतही रूळ गेले आहेत.

पुढील हंगामाची नोंदणी लवकरच सुरू होईल. कंपनीच्या कचेरीत गेल्यावर दर आणि सवलत विचारण्याआधी वाचकांनी एवढेच विचारावे: सात दिवसांपैकी श्रीनगर शहरात आम्हांस तास किती मिळतील, आणि तेथे आमच्याशी बोलावयास तेथला माणूस कोण असेल? एका इमारतीतील दहा कुटुंबांनी हा प्रश्न नेटाने विचारला, तर पत्रिका बदलण्यास उशीर लागणार नाही. कारण व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाची जिज्ञासा विकत देणेही तितकेच सोयीचे असते. ती आधी गिऱ्हाइकास असावी लागते, एवढेच.