मिस्ट्री शॉपर व्हायचंय? आधी पंचनामा लिहायला शिका

‘दुकानात जा, खरेदी करा, वर पैसे मिळवा.’ नोकरी शोधणाऱ्या कुणाच्याही मोबाइलवर असा मजकूर येऊन पडू शकतो. कामाचे नाव ‘मिस्ट्री शॉपर’, म्हणजे ओळख न सांगता दुकानात जाणारे गिऱ्हाईक. हे काम खरोखर असते आणि त्याचे पैसेही मिळतात. मात्र त्याच नावाखाली फसवणुकीचा धंदाही जोरात चालतो. शिवाय खऱ्या कामातही अनेक नवखे ‘फुकटात खरेदी’ एवढेच डोक्यात ठेवून उतरतात. माझे मत सरळ आहे. हे काम साक्षीदाराचे आहे. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाने जसे वागायला हवे, तसे वागता येणार असेल तरच यात पडावे.

काम नेमके काय असते?

मोबाइलची दुकाने, वाहनांच्या शोरूम, पेट्रोल पंप, पिझ्झाची दुकाने, दागिन्यांच्या पेढ्या, बँका अशा अनेक ठिकाणी ही पाहणी होते. साखळी दुकानाचे मुख्यालय मुंबईत किंवा बेंगळुरूत असते. सोलापुरात सात रस्त्यावरच्या शाखेत गिऱ्हाइकाशी कोण कसे बोलते, हे तिथे बसून कळत नाही. म्हणून कंपनी एखाद्या पाहणी संस्थेला काम देते आणि ती संस्था स्थानिक माणूस निवडते. कोणत्या वेळेत जायचे, काय विचारायचे, किती रुपयांपर्यंत खरेदी करायची, हे त्याला आधीच लेखी कळवलेले असते. परत आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रश्नावली भरायची आणि बिलाचा फोटो जोडायचा. अहवाल तपासून मंजूर झाला की मानधन मिळते.

हा शब्द अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाला. तेव्हा दुकाने आणि बँकांतील कर्मचारी प्रामाणिक आहेत का, हे पाहण्यावर भर होता. पुढे सेवा, स्वच्छता, माहिती देण्याची पद्धत अशा गोष्टी त्यात आल्या. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे अधिकारीही ओळख न सांगता शाखांमध्ये जातात आणि नाणी स्वीकारली जातात का, फाटक्या नोटा बदलून मिळतात का, हे पाहतात.

महाराष्ट्राला तर ‘बनावट ग्राहक’ चांगलाच परिचयाचा आहे. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने गर्भवती महिलांच्या मदतीने गर्भलिंगनिदान करणारी केंद्रे उघडी पाडली. त्यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. अशा कारवायांत धाडस लागतेच, पण न्यायालयात खटला टिकतो तो कागदावर. कोण, कधी, कुठे गेले, कोणत्या नोटा दिल्या, समोरचा नेमके काय बोलला, याची नोंद चोख असावी लागते. पिझ्झाच्या दुकानातली पाहणी त्या मानाने किरकोळ असली, तरी नोंदीची शिस्त तीच आहे.

निरीक्षण आणि निष्कर्ष

इंजिनीअरिंगच्या प्रयोगवहीत निरीक्षणाचा तक्ता वेगळा आणि निष्कर्ष वेगळा लिहावा लागे. मीटरवर दिसलेला आकडा तक्त्यात जाई, त्याचा अर्थ शेवटी. प्रयोग न करताच मागच्या बॅचच्या वहीतून रीडिंग उतरवणारे महाभागही प्रत्येक वर्गात असत. मिस्ट्री शॉपरच्या कामात चांगला आणि वाईट यांतला फरक इथेच आहे.

पेट्रोल पंपाचे उदाहरण घ्या. ‘सेवा ठीक होती, कर्मचारी जरा उद्धट वाटला’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘सकाळी ११.२० ला पोहोचलो. पुढे चार दुचाकी होत्या. सहा मिनिटांनी नंबर आला. कर्मचाऱ्याने मीटर शून्यावर असल्याचे दाखवले. पावती मागितल्यावर दिली. हवा भरण्याचे यंत्र बंद होते.’ यात ‘उद्धट’ हा शब्द नाही, ‘उत्तम’ही नाही. तरीही तिथे काय घडले ते वाचणाऱ्याला दिसते.

नियम माहीत असतील तर नजर आपोआप नेमक्या जागी जाते. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असावे लागते आणि शंका आल्यास ग्राहक त्यातून इंधन मोजून मागू शकतो. पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला बिलात परस्पर सेवा शुल्क लावता येत नाही. अशा चार गोष्टी ठाऊक असलेला नवखा माणूस दहा अहवाल लिहिलेल्या अनभिज्ञ माणसापेक्षा बरा.

गुण कापले जातात ते कुणाचे?

या मुद्द्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. अनेक साखळी दुकानांत पाहणीच्या गुणांवर शाखेचा, काही ठिकाणी कर्मचाऱ्याचा प्रोत्साहन भत्ता ठरतो. काउंटरवरची मुलगी किंवा मुलगा बहुतेक वेळा याच शहरातला असतो. दिवसभर उभ्याने काम करतो आणि पगार बेताचाच असतो. आपण अहवालात ‘हसून स्वागत केले नाही’ या रकान्यावर खूण करतो, त्याची झळ त्याच्या खिशाला लागू शकते.

‘प्रश्नावली कंपनीची, निर्णय कंपनीचा, आपण फक्त भरून द्यायची,’ असे यावर म्हणता येईल. ते अर्धेच खरे आहे. प्रश्न कंपनीचे असले तरी उत्तराखाली नाव तुमचे असते. दोष दिसला तर तो लिहिलाच पाहिजे, लपवणे हीसुद्धा खोटी साक्षच. पण त्यासोबत परिस्थितीही लिहावी. सिद्धेश्वर यात्रेच्या, गड्ड्याच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता दुकानात वीस माणसे आणि काउंटरवर एकच कर्मचारी असेल, तर ‘स्वागत केले नाही’ याच्या शेजारी तेही नोंदवा. मग दोष त्या पोराचा की माणसे कमी ठेवणाऱ्या व्यवस्थापनाचा, हे वरच्यांना नीट कळेल.

घरबसल्या अहवाल भरणे तर सर्वांत वाईट. तो आळस म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यात न पाहिलेल्या माणसाविरुद्ध साक्ष दिलेली असते.

सोलापूरसारख्या शहरात आणखी एक अडचण येते. इथे कोण कुणाचा कोण निघेल, सांगता येत नाही. दुकान मामाच्या मित्राचे असेल, व्यवस्थापक कॉलेजचा जुना मित्र असेल, तर ते काम घेऊ नका आणि संस्थेला तसे कळवा. पाहणी झाल्यावर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किस्से सांगू नका. सूचनांत स्पष्ट परवानगी नसेल तर कुणाचा चोरून व्हिडिओ काढू नका.

आपल्या शहराची एक जमेची बाजूही आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी सहज कानावर पडणाऱ्या माणसाला इथल्या दुकानातला भेदभाव लवकर टिपता येतो. इस्त्रीचे कपडे घातलेल्या गिऱ्हाइकाला खुर्ची मिळते. विडी कामगार बाईला तीच खुर्ची मिळते का? मुख्यालयाला हे सांगणारा माणूस शहरातलाच लागतो.

पैसे किती सुटतात?

आकडेमोड आधी करा. समजा, एका पाहणीचे मानधन ३०० रुपये आहे. खरेदीची भरपाई ४०० रुपयांपर्यंत आहे आणि बिल ४५० झाले. वरचे ५० तुमचे गेले. जुळे सोलापूरहून जाऊन येण्याचे पेट्रोल ४० रुपये धरा. उरले २१०. जाणे-येणे, दुकानातला वेळ आणि अहवाल मिळून तीन तास लागले, तर तासाला ७० रुपये पडले. तेही लगेच हातात येत नाहीत, अनेकदा महिना-दोन महिने थांबावे लागते. अहवाल नामंजूर झाला तर खरेदीही अंगावर पडते. म्हणून काम स्वीकारण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : भरपाईची मर्यादा, पैसे मिळण्याची मुदत आणि नामंजुरीची कारणे. टीडीएस कापला असेल आणि तुमचे उत्पन्न करपात्र नसेल, तर तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते.

थोडक्यात, शिक्षण किंवा नोकरी सांभाळून करायचे हे जोडकाम आहे. घर यावर चालत नाही.

फसवणूक कशी ओळखाल?

पंचाकडून कुणी पैसे घेत नाही. एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक सापळे टळतात. नोंदणी शुल्क, अनामत, ‘प्रशिक्षण किट’ यांसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. या व्यवसायातील संस्थांची ‘एमएसपीए’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. काम मिळवण्यासाठी पैसे भरू नका, हाच तिचाही सल्ला आहे.

सापळ्याची रीत ठरलेली असते. आधी टेलिग्रामवर हॉटेलांना पाच तारे देण्याचे काम येते. पहिल्या दोन-तीन ‘टास्क’चे शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात पडतात. विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो : आधी दोन हजार भरा, मग दहा हजार. स्क्रीनवर नफा वाढत जातो. तो काढायला गेलात की ‘कर भरा’, ‘खाते गोठले आहे’. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अशा गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या फसवणुकीतल्या १०० हून अधिक वेबसाइट बंद केल्या. नाव बदलून नव्या येतच असतात.

मुळात दुकानात न जाता तारे देणे ही पाहणीच नव्हे, ती पैसे घेऊन दिलेली खोटी साक्ष आहे. कुणी ‘पैसे तुमच्या खात्यात घ्या आणि पुढे पाठवा’ म्हणाले, तर ते काम गुन्ह्याचा पैसा फिरवण्याचे असू शकते आणि पोलिस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात. पैसे गेलेच, तर लाज धरून गप्प बसू नका. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सुरुवात कुठून करावी?

कुठल्याही ॲपपासून नको. आज संध्याकाळी नेहमीच्या दुकानात जा आणि लागते तेवढीच खरेदी करा. घरी आल्यावर तिथे काय घडले ते दहा ओळींत लिहा : वेळ, गर्दी, बोललेले शब्द, बिल. मग त्यातली ‘छान’, ‘वाईट’, ‘उद्धट’, ‘मस्त’ अशी सगळी विशेषणे खोडा. खोडल्यावर पाच ओळी जरी धड उरल्या, तरी पहिल्या कामासाठी अर्ज करायला हरकत नाही.