लघुउद्योगांचे अडकलेले येणे

माल तयार करणे हे एक काम आणि विकलेल्या मालाचे पैसे पदरात पाडून घेणे हे दुसरे. लघुउद्योजकाची खरी दमछाक होते ती या दुसऱ्या कामात. भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या छोट्या कारखान्यात सुटे भाग तयार होतात, मोठ्या कंपनीच्या कोठारात पोहोचतात, ते बसविलेले यंत्रही विकले जाते. परंतु बिलाचे पैसे तीन-तीन महिने हाती येत नाहीत. कामगारांचा पगार आणि विजेचे बिल यांना मात्र थांबता येत नाही. छोट्याने मोठ्याला बिनव्याजी उधार द्यावे आणि त्यासाठी स्वतः व्याजाने पैसे काढावेत, असा हा उलटा व्यवहार आहे.

कायद्याने या दुखण्याची दखल घेतलेली नाही, असे नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे मालाची रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली पाहिजे. न केल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु हे व्याज मागणाऱ्याला पुढची मागणी मिळेल काय? या एका प्रश्नापुढे कायद्याचे कलम निष्प्रभ होते.

म्हणून दुसरा मार्ग शोधण्यात आला. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली आणि २०१७ पासून ‘ट्रेड्स’ ही संगणकीय व्यवस्था प्रत्यक्षात आली. तिचे तत्त्व जुन्या हुंडीचेच आहे. पुरवठादार आपले बीजक तेथे नोंदवितो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका वटणावळीचे दर सांगतात आणि सोयीचा दर स्वीकारला की पैसे मिळतात. पुढे खरेदीदाराने रक्कम बुडविली, तरी बँकेला पुरवठादाराकडे वसुली मागता येत नाही. शिवाय दर ठरतो तो मोठ्या खरेदीदाराची पत पाहून. समजा, दहा लाखांचे बिल तीन महिने अडकले. सावकाराकडून द. सा. द. शे. २४ दराने तेवढी रक्कम काढली, तर व्याज साठ हजार रुपये होते; ९ टक्क्यांनी बिल वटले, तर साडेबावीस हजार. लहान कारखान्याचा नफा कित्येकदा या फरकाएवढाच असतो.

मग घोडे अडते कोठे? अडते ते खरेदीदाराच्या मान्यतेपाशी. २०१८ मध्ये पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची झाली. २०२४ मध्ये कंपन्यांसाठी ही मर्यादा अडीचशे कोटींवर आणण्यात आली. परंतु या अधिसूचनांनी सक्ती केली ती नोंदणीची. नाव नोंदवावे आणि बीजके मात्र पडून राहू द्यावीत, ही पळवाट त्यातून मोकळी राहिली. एकदा मान्यता दिली की ठरल्या दिवशी पैसे भरावेच लागतात. म्हणून मान्यताच लांबविणे सोयीचे ठरते.

मालाची तपासणी केल्यावाचून बीजक कसे मान्य करावे, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो अगदीच गैरवाजवी नाही. पण त्याचे उत्तर २००६ च्या कायद्यातच आहे. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असेच कायदा मानतो. कायद्याने जे गृहीत धरले आहे, ते संगणकाने का धरू नये? पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांची बीजके ऑगस्ट २०२३ पासून वस्तू व सेवा कराच्या यंत्रणेत नोंदली जातात. तीच थेट ट्रेड्सकडे जावीत, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास आपोआप मान्य ठरावीत आणि पाच कोटींखालच्या कारखान्यांनाही हीच सोय मिळावी. असे झाले तर पुरवठादाराला कोणापुढे हात जोडावे लागणार नाहीत आणि तगादा लावल्याचा ठपकाही त्याच्यावर येणार नाही.

यंत्र व्यवहाराला वेग देते. व्यवहारातील विषमता ते आपण होऊन दूर करीत नाही. ते काम कायद्याचे आहे. मान्यतेची किल्ली देणेकऱ्याच्याच खिशात राहिली, तर हुंडी कागदावरून पडद्यावर आली एवढेच म्हणता येईल. लघुउद्योजकाचा पैसा होता तेथेच राहील.