स्वप्नातील मोटार आणि तिची किल्ली

'ब्लेड रनर' हा चित्रपट १९८२ साली झळकला. त्यातील लॉस एंजेलिसचा काळ होता नोव्हेंबर २०१९. सिड मीड यांनी रेखाटलेली, रस्त्यावर धावणारी आणि सरळ आकाशात झेपावणारी 'स्पिनर' ही सायबरपंक मोटारीचा आदर्श ठरली. २०१९ आले आणि सरले. घरोघरच्या मोटारींना पंख फुटले नाहीत. संगणक मात्र त्यांत येऊन बसला.

त्याची दुसरी बाजू २०१५ मध्ये अमेरिकेत दिसली. दोन संशोधकांनी, प्रयोगादाखल, महामार्गावरील जीप चेरोकीच्या करमणूक-यंत्रणेत इंटरनेटद्वारे प्रवेश मिळवला. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता आणि गाडी मंदावत होती. पुढे सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

म्हणूनच आदर्श मोटारीच्या उपकरणांची यादी झगमगत्या पडद्यांपासून सुरू होऊ नये. करमणूक आणि ब्रेक यांच्यामध्ये भक्कम भिंत, इंटरनेटशी संबंध तोडणारी एक साधी कळ आणि प्रवासाच्या नोंदींवर मालकाचा हक्क, ही तिची खरी आभूषणे होत. किल्ली परक्याच्या हाती गेली, की नक्षीदार तिजोरीही आपली राहत नाही. मोटारीचेही तसेच आहे.