धावणं आमचं, दान कुणाचं?

काही आठवड्यांपूर्वी विहारातली रविवारची वंदना संपली आणि एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही पोरं-पोरी पहाटे चारला उठून रस्त्यानं पळता म्हणे. शिवाय मॅरेथॉनची फी भरता. चळवळ सोडून हे श्रीमंतांचे शौक कशाला रे?" प्रश्न रागातून आलेला नव्हता, काळजीतून आलेला होता. त्या दिवशी आम्ही "काका, शरीर चांगलं राहतं" एवढंच बोलून वेळ मारून नेली. पण उत्तर अपुरं होतं हे त्यांनाही कळलं आणि आम्हालाही. म्हणून हा लेख.

आम्ही नाशिकच्या एका वस्तीतले नऊ जण. त्यात चार मुली. पाच महिन्यांपूर्वी आमच्यातल्या दोघांनाच सलग दोन किलोमीटर पळता येत होतं. येत्या हिवाळ्यात आम्ही सगळे पहिली अर्ध मॅरेथॉन, म्हणजे 21.0975 किलोमीटर, धावणार आहोत.

आधी शौकाचा मुद्दा घेऊ. धावणं श्रीमंतांचं कधीपासून झालं? नाशिकमध्ये कुठल्याही मैदानावर पहाटे जाऊन बघा. चपला काठावर काढून पळणारी पोरं दिसतील. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्यात आपल्या वस्त्यांमधली पोरं किती असतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. ती कुठली फी भरत नाहीत, त्यांच्या छातीवर नंबरही नसतो. मग त्यांच्या पळण्याला कुणी शौक म्हणत नाही, कारण ते पोटासाठी आहे. म्हणजे आपल्या माणसानं पोटासाठी पळलेलं चालतं, स्वतःच्या आनंदासाठी पळालं की खटकतं. हा विचार आपल्या डोक्यात कुठून आला, ते आपण शोधलं पाहिजे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांचा इतिहास आठवा. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन जाणार महार. सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळणार महार. सारा भरायला, टपाल पोचवायला, रात्री-अपरात्री, उन्हा-पावसात पळणार महार. मोबदला काय, तर बलुतं आणि शिळी भाकर. ही वेठबिगार मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ती वतनं कायद्यानं रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. म्हणजे पिढ्यानपिढ्या आपले पाय दुसऱ्याच्या हुकमानं पळाले. आज आमच्यातली एक मुलगी पहाटे पाच वाजता गंगापूर रोडवर कुणाचाही निरोप न घेता, कुणाच्याही पुढे सलाम न ठोकता, केवळ स्वतःच्या मर्जीनं पळते. हा शौक नाही, मित्रांनो. हा वतनाचा राजीनामा आहे.

आणि आदर्श शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, 2016 ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव 2017 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरचं कांस्य घेऊन आली. नाशिकच्या मातीत लांब पल्ल्याचं धावणं बंगल्यांमधून आलेलं नाही, ते पाड्यांवरून आणि खेड्यांमधून आलं.

अमेरिकेतलं एक उदाहरणही आपल्या उपयोगाचं आहे. टेड कॉर्बिट हे गुलामांचे नातू. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले. अमेरिकेकडून ऑलिंपिक मॅरेथॉन धावणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 1958 साली न्यूयॉर्कमध्ये धावपटूंचा क्लब उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्षही तेच. त्यांचं सर्वात मोठं काम मात्र वेगळंच आहे: शर्यतीचं अंतर अचूक कसं मोजायचं याची पद्धत त्यांनी त्या देशात रुजवली. ज्यांच्या आजोबांचे श्रम कुणी मोजले नाहीत, त्यांनी अख्ख्या देशाला रस्ता मोजायला शिकवलं.

आता सरावाबद्दल थोडं, कारण अनेक तरुणांनी विचारलं आहे. आठवड्यात चार दिवस धावणं. तीन दिवस छोटं, रविवारी लांब. वेग असा की धावता धावता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात पळताय. आठवड्याचं अंतर एकदम वाढवायचं नाही, साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. आम्ही सुरुवातीला हे ऐकलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात दोघांच्या नडग्या भरून आल्या आणि पंधरा दिवस घरी बसावं लागलं. महागडी पेयं लागत नाहीत. पाण्यात लिंबू, मीठ, साखर पुरते. बुटात मात्र काटकसर करू नका. आणि मुलींनी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आमच्या चौघींपैकी तिघींचं कमी निघालं. "मला दम लागतो, माझ्याच्यानं होत नाही" असं म्हणणारी पोरगी आळशी नव्हती, तिच्या रक्तात लोह नव्हतं. घरात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, याचा हिशेब असा निघतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात जे वाचलं होतं, ते प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्यात दिसलं.

इथवर आमच्यात एकमत होतं. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवरून.

मोठ्या शहरांतल्या मॅरेथॉनना आता समाजसेवेची जोड असते. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि संस्थांसाठी निधी गोळा करत धावायची पद्धत तिच्यामुळे आपल्याकडे रूढ झाली. आम्हालाही एका संस्थेकडून विचारणा झाली. तुम्ही आमच्यासाठी धावा, ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करा, आम्ही टी-शर्ट देऊ. सोबत पत्रक होतं. पत्रकावर एका वस्तीतल्या मुलाचा फोटो. मळका सदरा, नाकातून शेंबूड, पाणावलेले डोळे. खाली आवाहन, की तुमच्या एका धावेनं याचं आयुष्य बदलेल. आमच्यातला एक जण बराच वेळ तो फोटो बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, हा आपल्याच गल्लीत शोभेल असा आहे. लहानपणी माझाही असा फोटो कुणीतरी काढून नेला होता. कुठं छापला, कधी कळलं नाही."

आम्ही ते पत्रक परत पाठवलं. पण नाही म्हणणं सोपं असतं, का नाही म्हटलं हे सांगता आलं पाहिजे.

पुणे करारानंतर 1932 च्या अखेरीस बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीनं निघाले होते. त्या प्रवासात त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी नुकत्याच स्थापन झालेल्या संस्थेचे सचिव ठक्कर यांना पत्र लिहिलं. पुढे हीच संस्था हरिजन सेवक संघ झाली. पत्राचा आशय असा: काम करण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग मानतो की माणसाची दुर्दशा त्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे आहे, म्हणून तो दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं यांतून व्यक्ती सुधारायला निघतो. दुसरा मार्ग मानतो की दुर्दशा परिस्थितीनं लादलेली आहे, म्हणून ती परिस्थितीच बदलायला हवी. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग धरायला सांगितलं: नागरी हक्कांचा लढा, संधीची समानता, सामाजिक व्यवहारातली बरोबरी. व्यायामशाळेचा उल्लेख त्या पत्रात आहे, हे धावणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. याचा अर्थ त्यांना व्यायामाचं वावडं होतं असा नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेनं मुंबईत आपल्या तरुणांसाठी हॉकी क्लब चालवला होता. अर्थ एवढाच की खेळ हा हक्कांच्या लढ्याला पर्याय होऊ शकत नाही.

त्या संस्थेचं पुढं काय झालं? तिच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान मिळालं नाही. हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, तेव्हा ते त्यांनीच करावं, असा युक्तिवाद केला गेला. बघा, म्हणजे ज्याचं दुःख, त्याला मत नाही. कामाचा केंद्रबिंदू घेणारा नाही, देणारा. आजच्या धर्मादाय धावेतही बहुधा हेच होतं. पदक देणाऱ्याच्या गळ्यात, फोटो घेणाऱ्याचा.

मग आपण दान मानत नाही का? मानतो. दान ही पारमिता आहे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दानाचा अर्थ परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणं असा आहे. टी-शर्ट, पदक आणि कौतुक घेऊन दिलेलं ते दान कसलं? आणि 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचं आवाहन केलं, ते गरिबांना, दीक्षा घेतलेल्या आपल्याच माणसांना केलं होतं. जो स्वतः देतो, तो याचक राहत नाही, हे त्यामागचं सूत्र आहे.

इथं आमच्यातलीच एक मुलगी उभी राहिली. ती नर्सिंगला आहे. म्हणाली, "तुमचं तत्त्वज्ञान बरोबर आहे. पण माझ्या मैत्रिणीचा शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही. मेसवाली थांबायला तयार नाही. ती हक्क मागेल, पण तोवर जेवेल काय?"

खरं सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोन रविवार आम्ही धावलो कमी आणि भांडलो जास्त. एक बाजू म्हणायची, शासनानं द्यायचा पैसा आपण दिला तर शासन सुटतं. दुसरी म्हणायची, उपाशी पोरगी आंदोलनाला येत नसते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी जे ठरलं ते असं.

पहिलं, आम्ही नऊ जण सरावाच्या काळातल्या आपापल्या मिळकतीचा विसावा हिस्सा आधी टाकू, मगच दुसऱ्यासमोर हात पसरू. दुसरं, जमलेल्या पैशाचा मोठा भाग हप्ता रखडलेल्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी उसना द्यायचा. हप्ता आला की पैसे परत, ते पुढच्याला. तिसरं, उसने पैसे घेणाऱ्यानं त्याच दिवशी लेखी तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. अर्ज लिहायला आम्ही मदत करू, पोच पावतीची प्रत आमच्याकडे राहील. म्हणजे पोटाची सोय होईल आणि हक्काचा दावाही जिवंत राहील. चौथं, घेणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. हिशेब मात्र दर पौर्णिमेला विहारात मोठ्यानं वाचायचा. पाचवं, या निधीच्या कारभारात घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक असतील.

आतापर्यंत सहा जणांना पैसे दिले. दोघांचे परत आले. सहाही अर्जांच्या पावत्या फाईलला आहेत. आकडा लहान आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण या सहा जणांपैकी एकानंही आमच्यापुढे मान खाली घातलेली नाही, आणि तिघं आता आमच्याबरोबर रविवारी धावायला येतात.

एक शेवटची गोष्ट. कुठलीही मॅरेथॉन संपली की रस्त्यावर बाटल्या आणि कागदी पेल्यांचा खच पडतो. धावणारे पदकासह फोटो काढत असतात आणि तो कचरा उचलायला कोण येतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपली आई, आपली मावशी. आम्ही ठरवलंय, आमची बाटली आमच्या हातातच राहील. आणि आमच्या निधीतून ज्यांच्यासाठी पहिला जाहीर कार्यक्रम घेऊ, त्या असतील कंत्राटी सफाई कामगार. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि 2013 च्या कायद्याची माहिती. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवण्याचा कार्यक्रम नको, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर बोलण्याचा हवा.

काका, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. चळवळ सोडून आम्ही पळत नाही. 2 मार्च 1930 ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं याच शहरात काळाराम मंदिराच्या दिशेनं हजारो माणसं चालत निघाली. दुसऱ्या दिवशी चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले, त्यात बायकाही होत्या. तो लढा अनेक वर्षं चालला. त्यांना कुणी पाणी द्यायला उभं नव्हतं, दगड मारायला मात्र होते. लांब पल्ल्याचा दम म्हणजे काय, हे नाशिकला त्यांनी शिकवलं.

येत्या 2 मार्चला पहाटे साडेपाचला आम्ही काळारामाच्या पूर्व दरवाजापासून त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत धावणार आहोत. प्रवेश फी नाही, पदक नाही, वेळेचं बंधन नाही. चालत आलात तरी चालेल. ज्या दरवाजात आपल्याला अडवलं गेलं तिथून निघायचं आणि ज्या डोंगरात दोन हजार वर्षांपासून आपला बुद्ध आहे तिथं पोचायचं. काका, तुम्ही पायथ्याशी पाणी घेऊन उभे राहिलात तर आम्हाला आनंद होईल. धावलात तर त्याहून जास्त.

जय भीम. नमो बुद्धाय.